व्यावसायिक क्रीडापटूंचे मद्यधुंद वर्तन आणि आदर्शत्वाची जबाबदारी : एक चिकित्सा

प्रस्तावना

नामवंत क्रीडापटूने मद्याच्या अंमलाखाली गैरवर्तन केल्याची बातमी आली की तिच्या पाठोपाठ एक ठरावीक वाक्य हमखास येते : ‘लहान मुलांनी आता कोणाचा आदर्श ठेवायचा ?’ वृत्तपत्रांचे अग्रलेख, वाहिन्यांवरील चर्चा आणि महाविद्यालयांतील वक्तृत्व स्पर्धा या सर्वच ठिकाणी हा प्रश्न उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारला जातो. तो विचारला की विचारणाऱ्याची नैतिक बाजू सुरक्षित होते आणि क्रीडापटूची बाजू कोसळते. वास्तविक या प्रश्नात किमान तीन भिन्न प्रश्न मिसळलेले असतात. एखाद्याने दुसऱ्याला इजा किंवा त्रास दिला काय, हा पहिला. त्याला मद्याचे व्यसन जडले आहे काय, हा दुसरा. त्याच्या वागण्याचा परिणाम त्याच्याकडे पाहणाऱ्या तरुणांवर काय होतो, हा तिसरा. पहिला प्रश्न न्यायाचा, दुसरा आरोग्याचा आणि तिसरा समाजशास्त्राचा आहे. तिन्हींची उत्तरे देण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर नसते, आणि तिन्हींना एकाच मापाने मोजताही येत नाही.

प्रस्तुत लेखात माजी कसोटीपटू विनोद कांबळी यांच्यासंबंधी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात झालेल्या सार्वजनिक चर्चेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. कांबळी यांच्या खासगी आयुष्याचा निवाडा करणे हा लेखाचा हेतू नाही. त्यांच्याविषयी बोलताना मराठी समाज ‘आदर्श’ या शब्दाचा वापर कसा करतो आणि त्या वापरात कोण नजरेआड होते, हे तपासणे एवढाच हेतू आहे.

‘आदर्श’ संकल्पनेचा उगम आणि विस्तार

संस्कृतमध्ये ‘आदर्श’ या शब्दाचा मूळ अर्थ आरसा असा आहे. मराठीत तो अनुकरणीय व्यक्ती किंवा तत्त्व या अर्थाने रूढ झाला. आज आपण इंग्रजीतील ‘रोल मॉडेल’ या शब्दाचा पर्याय म्हणूनही तो वापरतो. परंतु ‘रोल मॉडेल’ ही संज्ञा ज्या समाजशास्त्रज्ञाच्या नावाशी जोडली जाते, त्या रॉबर्ट मर्टन यांनी तिला एक मर्यादा घालून दिली होती. एखाद्या व्यक्तीच्या एका किंवा मोजक्या भूमिकांपुरते अनुकरण होत असेल तर ती व्यक्ती ‘रोल मॉडेल’. तिच्या आयुष्याच्या अनेक अंगांचे अनुकरण होत असेल तर तिच्यासाठी मर्टन ‘संदर्भ-व्यक्ती’ ही वेगळी संज्ञा सुचवतात. म्हणजे शल्यचिकित्सकाचे कौशल्य शिकणारा विद्यार्थी आपल्या गुरूची शस्त्रक्रिया गिरवतो. त्याचा संसार गिरवत नाही.

मराठीत या मर्यादित अनुकरणासाठी एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे : कित्ता. कित्ता गिरवणारे मूल अक्षराचे वळण उचलते. ते अक्षर लिहिणाऱ्या पंतोजींच्या स्वभावाशी त्याला काही कर्तव्य नसते. डावखुऱ्या फलंदाजाने फिरकी गोलंदाजासमोर पुढे सरसावून कसे खेळावे, याचा कित्ता १९९३ सालच्या कांबळींकडून गिरवता आला असता आणि अनेकांनी तो गिरवलाही असेल. अडचण निर्माण होते ती कित्त्याचा विस्तार करून आपण त्यातून संपूर्ण चरित्राची अपेक्षा करू लागतो तेव्हा. ही अपेक्षा क्रीडापटूने निर्माण केलेली नसते. ती आपण निर्माण करतो आणि ती भंगली की तिच्या भंगाची नुकसानभरपाई त्याच्याकडे मागतो.

या संदर्भात १९९३ साली अमेरिकी बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली यांची एक जाहिरात विशेष गाजली. आपण कोणाचे आदर्श नाही. मुलांचे आदर्श त्यांचे आईवडील असले पाहिजेत, असा तिचा आशय होता. विधान विचारार्ह होते. मात्र ते बूट विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत केले गेले होते. ज्या प्रसिद्धीच्या बळावर बूट विकले जातात तीच प्रसिद्धी नाकारण्याचा तो प्रकार होता. क्रीडापटूच्या खासगी दुबळेपणाचा आणि त्याने मोबदला घेऊन केलेल्या प्रचाराचा विचार वेगवेगळा का करावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्याकडे पुढे वळायचे आहे.

कांबळी प्रकरण : ज्ञात घटनाक्रम

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिरच्या विनोद कांबळी (नाबाद ३४९) आणि सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी यांनी १९९३ साली कसोटी पदार्पण केले. त्याच वर्षी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७ आणि त्यानंतर श्रीलंकेत दोन शतके त्यांनी काढली. १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीने १०८४ धावा ही त्यांची कसोटी कारकीर्द नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी संपली. एकदिवसीय सामन्यांत ते २००० सालापर्यंत अधूनमधून खेळत राहिले. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना प्रेक्षकांच्या दंग्यामुळे थांबला, तेव्हा रडत मैदान सोडणारे कांबळी हे त्या पिढीच्या स्मरणात राहिलेले चित्र आहे.

निवृत्तीनंतरच्या नोंदी वेगळ्या स्वरूपाच्या आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये मोटार चालवत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि रस्त्यावरील पोलीस अधिकाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे ते रुग्णालयात पोहोचले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मद्याच्या अंमलाखाली मोटार चालवून नुकसान केल्याच्या आरोपावरून वांद्रे पोलिसांनी त्यांना अटक केली व जामिनावर सोडले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी जाहीर मुलाखतीत सांगितले की, क्रिकेट मंडळाचे दरमहा ३०,००० रुपयांचे निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न असून आपल्याला क्रिकेटशी संबंधित काम हवे आहे. कामाच्या नियमात बसत नसेल तर मद्य तत्काळ बंद करू, असेही ते म्हणाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दारूच्या नशेत मारहाण व शिवीगाळ केल्याच्या पत्नीच्या तक्रारीवरून त्यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला.

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्क येथे रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी कांबळी व तेंडुलकर यांची भेट झाली. त्या भेटीची चित्रफीत देशभर पाहिली गेली. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडूंनी मदतीची तयारी दर्शवली. कांबळी यांनी आधी स्वतः व्यसनमुक्ती उपचारांसाठी पुढे यावे, अशी त्यामागील अपेक्षा होती. त्याच महिन्यात प्रकृती बिघडल्याने त्यांना ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयात दाखल करण्यात आले. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या आढळल्याचे तेथील डॉक्टरांनी सांगितले. एप्रिल २०२५ पासून सुनील गावसकर यांनी स्थापन केलेल्या ‘चॅम्प्स’ प्रतिष्ठानाने त्यांना दरमहा ३०,००० रुपयांचे साहाय्य सुरू केले.

या घटनाक्रमात आरोप, आजार, दारिद्र्य आणि मदत अशा चार प्रकारच्या बाबी आहेत. सार्वजनिक चर्चेत मात्र त्या सर्वांना एकाच शीर्षकाखाली टाकले गेले : दारूने वाया गेलेली गुणवत्ता. ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळी यांना नीट चालता येत नसल्याची एक चित्रफीत प्रसृत झाली, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी ती पिऊन झोकांड्या खाणाऱ्या माणसाची म्हणून पाहिली. चार महिन्यांनंतर वैद्यकीय तपासणीत मेंदूविकार निष्पन्न झाला. चालण्याच्या त्या अडचणीचे नेमके कारण कोणते, हे डॉक्टरच सांगू शकतात. प्रेक्षकाकडे ते ठरवण्याचे कोणतेही साधन नव्हते, तरीही त्याने निदान केले. एकदा माणूस ‘दारुडा’ ठरला की त्याचे आजारपणही गैरवर्तनात जमा होते, हे या प्रसंगाने दाखवले.

दोन मित्रांची बोधकथा

कांबळी यांच्यासंबंधीचे बहुतेक लेखन एका बोधकथेच्या आकारात होते. दोन बालमित्र, एकच गुरू, एकच मैदान. एकाने शिस्त पाळली, दुसऱ्याने ऐश केली. एक शिखरावर गेला, दुसरा गाळात. व्याख्यानमालेत आणि वर्गात सांगण्यास ही कथा सोयीची आहे. परंतु ती ज्या पुराव्यावर उभी आहे तो तपासण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

पहिली बाब अशी की, ही कथा शेवटाकडून आरंभाकडे वाचली जाते. २०२२ किंवा २०२३ मधील प्रसंग माहीत असल्यामुळे १९९५ मधील वगळणुकीलाही आपण तेच कारण चिकटवतो. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांच्या उसळत्या चेंडूंपुढे कांबळी यांची अडचण झाली होती, ही क्रिकेटच्या अंगाने जाणारी कारणमीमांसा उपलब्ध आहे. पन्नासहून अधिक सरासरी असलेल्या तेवीस वर्षांच्या फलंदाजाला तांत्रिक दोष सुधारून कसोटीत परतण्याची संधी पुन्हा का मिळाली नाही, हा निवड समितीला विचारण्याजोगा प्रश्नही आहे. बोधकथेत या प्रश्नाला जागा नाही. कारण तेथे संस्था नसतातच, फक्त व्यक्ती आणि तिचे चारित्र्य असते.

दुसरी बाब सामाजिक आहे. तेंडुलकर यांचे वडील मराठीचे प्राध्यापक होते. वांद्र्यातील साहित्य सहवासात त्यांचे घर होते. कांबळी कांजूरमार्गच्या श्रमिक वस्तीतून गर्दीच्या लोकलमधून किट घेऊन शिवाजी पार्कला येत. ही दोन घरे मुलाला कोणते संरक्षण देऊ शकत होती, अपयशाच्या काळात कोणाशी बोलण्याची सोय होती, पैसा आणि प्रसिद्धी अचानक आली तेव्हा तिचे काय करायचे हे सांगणारे कोण होते, या प्रश्नांची दखल घेतल्याशिवाय ‘एकच मैदान’ हे वाक्य अपुरे राहते. त्या काळी खेळाडूंसाठी केंद्रीय करारपद्धती नव्हती, समुपदेशकही नव्हते. संघाबाहेर गेलेल्या खेळाडूचे पुढे काय होते, याची नोंद ठेवणारी व्यवस्था नव्हती. गरिबीतून आलेला प्रत्येक खेळाडू व्यसनाधीन होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. तसे म्हणणे गरिबांचा अपमान ठरेल. पडण्याची शक्यता सर्वांनाच असते, पण खाली जाळे कोणाच्या असते आणि कोणाच्या नसते, एवढाच मुद्दा आहे.

‘एकच प्याला’ची चौकट

मद्यपी माणसाकडे पाहण्याची मराठी मनाची चौकट घडवण्यात राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा मोठा वाटा आहे. गडकरींचे २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निधन झाले आणि त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. बुद्धिमान, स्वाभिमानी वकील सुधाकर अपमानाच्या एका क्षणी प्याला उचलतो आणि त्याच्यासह सारे घर उद्ध्वस्त होते. पहिल्या प्याल्यापासून सर्वनाशापर्यंत जाणारी ही सरळ उतरण आपल्या मनात इतकी रुजली आहे की कांबळी यांची कहाणीही आपण नकळत त्याच क्रमाने लावतो.

मात्र नाटकातील दोन गोष्टी आपण या वाचनात विसरतो. पहिली म्हणजे तळीराम. सुधाकराच्या हाती प्याला देणारा, मद्यपानाला मंडळाचे, सोबतीचे आणि विनोदाचे रूप देणारा तळीराम हा गडकरींनी उभा केलेला स्वतंत्र घटक आहे. व्यसन केवळ व्यक्तीच्या दुबळेपणातून येत नाही. ते देणारे, खपवणारे आणि साजरे करणारे कोणी असते, हे गडकरींना ठाऊक होते. ‘आर्य मदिरा मंडळा’चे प्रवेश आपण विनोदी म्हणून लक्षात ठेवतो, परंतु शोकांतिकेची यंत्रणा तेथेच चालू असते.

दुसरी गोष्ट म्हणजे सिंधू. नाटकाची खरी हानी तिची आणि तिच्या बाळाची आहे. तिच्या पातिव्रत्याचे जे गौरवीकरण नाटकात आहे त्याच्याशी आजचा वाचक सहमत होणार नाही आणि होऊही नये. सहन करणाऱ्या पत्नीला देवत्व देण्याची ती सोय आहे. तरीही गडकरींनी तिला मंचाच्या मध्यभागी ठेवले, हे मान्य करावे लागते. आजच्या चर्चेत तीही जागा उरलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मधील तक्रार एका स्त्रीने केली होती. त्यानंतरच्या चर्चेत ‘क्रिकेटची हानी’, ‘गुणवत्तेची हानी’, ‘चाहत्यांची निराशा’ हे शब्द आले. तक्रारदार स्त्रीच्या सुरक्षिततेचा विषय मात्र क्वचितच निघाला. आरोप सिद्ध झाला की नाही हे न्यायालयाचे काम आहे. पण आरोपाच्या केंद्रस्थानी कोणाचे शरीर आहे, हे ओळखण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. आदर्शाच्या भाषेचा सर्वात गंभीर दोष हाच आहे की तीत पीडित व्यक्ती नाहीशी होते आणि तिच्या जागी आपण, म्हणजे प्रेक्षक, पीडित म्हणून बसतो.

शिक्षा, आख्यायिका आणि जाहिरात

क्रीडासंस्थांनी मद्यधुंद वर्तनाला शिक्षा केल्याची उदाहरणे जगभर आहेत. २००७ च्या विश्वचषकात सेंट लुशिया येथे रात्री मद्यपान करून पायडलने चालणारी नाव समुद्रात नेल्याच्या प्रकरणी इंग्लंडच्या अँड्र्यू फ्लिंटॉफ यांचे उपकर्णधारपद काढून घेण्यात आले व त्यांना एका सामन्यातून वगळले. जून २००५ मध्ये कार्डिफ येथे आदल्या रात्रीच्या मद्यपानाचा अंमल उतरण्यापूर्वीच मैदानावर आलेल्या अँड्र्यू सायमंड्स यांना ऑस्ट्रेलियाने बांगलादेशविरुद्धच्या सामन्यातून वगळले, आणि तो सामना बांगलादेशने जिंकला. २००९ मध्ये मद्यपानासंबंधी घातलेल्या अटी मोडल्यामुळे सायमंड्स यांना ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकापूर्वी मायदेशी पाठवण्यात आले.

या शिक्षांशेजारी दुसरे चित्र ठेवले पाहिजे. १९८९ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या विमानात डेव्हिड बून यांनी बिअरचे ५२ डबे रिचवले, अशी आख्यायिका ऑस्ट्रेलियात अभिमानाने सांगितली जाते. ज्या काळात सायमंड्स यांना शिक्षा झाली त्याच काळात तेथील तिरंगी एकदिवसीय मालिका एका बिअरच्या नावाने खेळवली जात होती, आणि २००५-०६ च्या हंगामात त्याच बिअरच्या विक्रीसाठी बून यांच्या बोलक्या बाहुल्या वाटल्या गेल्या. मद्यपान विक्री वाढवते तेव्हा ती मर्दुमकी ठरते. सामना हरवते तेव्हा बेशिस्त. नियम मद्याविषयी नसून नफ्यातोट्याविषयी आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

भारतातील स्थिती अधिक संकोचाची, म्हणून अधिक दांभिक आहे. दूरचित्रवाणीवर मद्याच्या थेट जाहिरातीला बंदी असल्यामुळे त्याच नावाचा सोडा, पाणी किंवा संगीताच्या ध्वनिमुद्रिका दाखवल्या जातात. मोठमोठे क्रिकेटपटू अशा छद्म जाहिरातींत झळकले आहेत. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा मद्यउद्योजक विजय मल्ल्या यांनी घेतलेल्या बंगळुरूच्या संघाचे नावच त्यांच्या व्हिस्कीच्या नाममुद्रेवरून बेतलेले होते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी छद्म जाहिरातींना मनाई केली. तरीही मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाला लीगच्या अध्यक्षांना पत्र लिहून मद्य व तंबाखूच्या प्रत्यक्ष आणि छद्म जाहिराती थांबवण्याचे आवाहन करावे लागले. सोडा विकणारा तळीराम आज दिवाणखान्यात रोज संध्याकाळी हजेरी लावतो, आणि त्याच्या शेजारी आपला लाडका फलंदाज उभा असतो.

येथे क्रीडापटूची जबाबदारी निःसंदिग्ध आहे. व्यसन जडणे हा काही अंशी तरी आजार असतो. पण करारावर सही करणे हा आजार नव्हे. ती सावध, सल्लामसलतीने व मोबदल्यासाठी केलेली कृती आहे. मद्य व तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द आपण वडिलांना दिला होता, असे तेंडुलकर यांनी जाहीरपणे सांगितले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमला यांनी धर्मश्रद्धेमुळे गणवेशावर बिअर कंपनीचे चिन्ह लावण्यास नकार दिला आणि मंडळाने तो मान्य केला. नकार शक्य आहे, याची ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. एखादा निवृत्त खेळाडू पिऊन पडला तर त्याचे अनुकरण करावे असे कोणत्याही मुलाला वाटत नाही. प्याल्याशी यश, मैत्री आणि पौरुष यांचा संबंध जोडणारी चकचकीत प्रतिमा मात्र अनुकरणासाठीच निर्माण केलेली असते. आदर्शाच्या दृष्टीने पाहिल्यास दुसरे कृत्य अधिक हानिकारक आहे. सार्वजनिक संताप मात्र पहिल्याच्या वाट्याला येतो.

दारूबंदी जिल्ह्यातून पाहताना

हा लेख पुलगावात लिहिला जात आहे, या गोष्टीला या विषयात काही अर्थ आहे. गांधीजींची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि बंदी संपते. बंदी असूनही अवैध विक्री चालते, हे या भागात कोणी नाकारत नाही. त्यामुळे दारू हा विषय येथील विद्यार्थ्याला पडद्यावर भेटत नाही. तो घरात, गल्लीत आणि पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत भेटतो.

या प्रदेशाने एक वेगळी दृष्टी दिली आहे. विदर्भातील दारूबंदीची चळवळ प्रामुख्याने स्त्रियांनी चालवली. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीच्या मागणीसाठी चिमूर ते नागपूर अशी पदयात्रा विधिमंडळाच्या अधिवेशनावर नेली. राज्यात अन्यत्र गावातील निम्म्या महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिल्यास दुकान बंद करण्याची तरतूद झाली. या स्त्रियांनी कधी ‘आमचा आदर्श ढासळला’ अशी तक्रार केली नाही. त्यांची तक्रार मार, उपासमार आणि मुलांची फी यांविषयी होती. दारूबंदीचा कायदा परिणामकारक आहे की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु गैरवर्तन मोजण्याचे माप म्हणजे ते ज्याला सोसावे लागते ती व्यक्ती, हा या चळवळीने दिलेला निकष क्रिकेटपटूलाही लागू होतो आणि गावातील मजुरालाही.

या निकषाचा एक लाभ असा की तो समतेचा आहे. स्वेच्छेने केलेली नशा हा गुन्ह्यातून सुटण्याचा मार्ग ठरत नाही, हे तत्त्व भारतीय दंड संहितेत होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा अपराध आहे. या तरतुदींत कसोटी सरासरीचा उल्लेख नाही. प्रसिद्ध माणसाला सूट मिळू नये, तशीच प्रसिद्धीची अधिक शिक्षाही होऊ नये.

जबाबदारीची विभागणी

वरील विवेचनावरून जबाबदारीची विभागणी पुढीलप्रमाणे मांडता येईल. दुसऱ्याला दिलेल्या इजेची जबाबदारी संपूर्णपणे त्या व्यक्तीची आहे आणि ती कायद्याने ठरावी. व्यसनाची जबाबदारी व्यक्ती, कुटुंब, आरोग्यव्यवस्था आणि ज्या संस्थेने त्या व्यक्तीच्या कौशल्यावर उत्पन्न मिळवले ती संस्था यांच्यात विभागलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना मद्यावलंबित्वाची गणना रोगांत करते. १९८६ पासून पुण्यात चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचा अनुभव सांगतो की उपचारानंतर पुन्हा घसरणे हे अपवादात्मक नसते आणि त्यामुळे उपचार निष्फळ ठरत नाहीत. ‘आधी सुधार, मग मदत’ ही भूमिका सद्हेतूने घेतलेली असली तरी तिचा क्रम तपासून पाहिला पाहिजे. रुग्णाची तयारी आवश्यक असते, पण ती तयारी घडवणे हाही उपचाराचाच भाग असतो. निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी काही सहृदय ज्येष्ठांनी स्वतंत्रपणे मदत उभी करावी लागते, याचा अर्थ संस्थात्मक मदत वेळेवर उभी नव्हती.

आजाराची भूमिका मान्य केली तर गैरवर्तन माफ होते काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. क्षयरोग्याला उपचार मिळाले पाहिजेत, पण म्हणून त्याला इतरांच्या तोंडावर खोकण्याचा अधिकार मिळत नाही. मद्यपी पतीवर उपचार व्हावेत आणि त्याच वेळी पत्नीला संरक्षण मिळावे, या दोन मागण्यांत विरोध नाही. त्यांच्यात विरोध आहे असे भासवले जाते तेव्हा बहुधा पत्नीलाच गप्प बसवले जाते.

प्रभावाची जबाबदारी मात्र सर्वाधिक त्यांची आहे जे प्रभाव विकतात : जाहिरात करणारा खेळाडू, त्याला नेमणारी कंपनी, संघाचे मालक, आणि पडलेल्या माणसाची चित्रफीत दिवसभर फिरवून त्यातून प्रेक्षकसंख्या मिळवणारी माध्यमे. या यादीत शेवटी आपलेही नाव आहे. कारण ती चित्रफीत पाहणारे आणि पुढे पाठवणारे आपणच असतो.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या चर्चेतून काही व्यावहारिक सूचना निघतात. ‘माझा आदर्श खेळाडू’ हा विषय आपण निबंधासाठी वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्याऐवजी ‘या खेळाडूकडून नेमके काय घ्यावे आणि काय घेऊ नये’ असा प्रश्न दिल्यास विद्यार्थ्याला पूजेऐवजी विवेकाचा सराव होईल. क्रीडा विभागांनी आंतरविद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांशी निवड न झाल्यास पुढे काय, याविषयी प्रत्येक हंगामाच्या आरंभीच बोलले पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेत क्रीडापटूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण ज्यांना ते मिळत नाही अशांची संख्या नेहमीच कितीतरी मोठी असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमांत शपथ देण्याबरोबरच छद्म जाहिराती ओळखण्याचे शिक्षण द्यावे, आणि घरात मद्यपी व्यक्ती असलेल्या विद्यार्थ्याला बोलण्यासाठी विश्वासाची एक जागा महाविद्यालयात असावी. वर्गातील अशी मुले ‘दारुड्या खेळाडू’वरील विनोदाला हसत नाहीत, हे कोणत्याही अध्यापकाने पाहिलेले असते.

विनोद कांबळी यांच्या दोन द्विशतकांचा कित्ता आजही गिरवण्याजोगा आहे. त्यांच्यावरील आरोपांचा निर्णय न्यायालयाने, आजाराचा विचार डॉक्टरांनी आणि उपजीविकेचा विचार क्रिकेट मंडळाने करावा. त्यांच्या आयुष्यातून विद्यार्थ्यांसाठी बोधकथा काढण्याची घाई अध्यापकांनी करू नये.